हिरडीटोल्याची लाइन

"बाबा, दोनातलं एक सांगा," म्हणत स्नेहलनं मोबाइल शालिकरामच्या ताटाजवळ धरला आणि त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

फोटोत एक म्हातारी उभी होती. मागं शेणानं सारवलेली भिंत, हातात कंदील, लुगडं नेटकं नेसलेलं, नजर थेट समोर. खाली इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं आणि स्नेहल त्याचं मराठी करून सांगत होती. इथं सुशीलाआजी संध्याकाळी कंदील लावून पाहुण्यांचं स्वागत करते. इथं वीज नाही, पंखा नाही, मोबाइलला रेंज नाही. मातीच्या झोपड्या, चुलीवरचं जेवण आणि चारी बाजूंनी जंगल.

शालिकरामनं बाईला ओळखलं. सव्वीस वर्षांनी, तेही चार बोटांच्या काचेवर, पण पाहताक्षणी ओळखलं.

"गावाचं नाव काय म्हनलीस?"

"हिरडीटोला. केशोरीच्या पुढं आहे. तुम्हाला माहीत असेल ना?"

आता या पोरीला काय सांगावं! शालिकराम शहारे चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होता. मागच्या मे महिन्यात घरी बसला. अर्जुनी तालुक्यातला कोणता खांब कोणाच्या धानाच्या बांधीत उभा आहे आणि वादळात कोणता आधी वाकतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं. म्हणून तर स्नेहल त्याला विचारत होती. ती पुण्याला कंपनीत, सध्या माहेरी आलेली. तिच्या आणि जावयाच्या, अश्विनच्या, मित्रमंडळींना दक्षिणेतल्या कुठल्या पावसाळी अरण्यात जाऊन झाडाच्या पानांखाली राहायचं होतं. सगळ्यांची रजा एकदम मिळेना, तेव्हा बाईसाहेब बोलून बसल्या की आमच्या गोंदियाकडं या, आमच्याकडं जंगलाला तोटा नाही. पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते आणि मुक्काम ठरायचा होता. एक जागा इटियाडोह धरणाजवळ, एसी खोल्या, पोहायचा तलाव. दुसरी ही.

"सगळ्यांना हीच पाहिजे," स्नेहल म्हणाली. "पण खरंच राहण्यासारखी आहे का, ते तुम्ही सांगा."

त्याची बायको रुक्माबाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं मागं न पाहताच सांगून टाकलं, की मायच्या घरी कंदिलाच्या काचा पुसता पुसता तिचे हात काळे झाले, आणि आता लोकं त्याचेच पैसे देऊन राहिले. माणसाच्या हौसेला काही माप असतं का? ज्यांच्या घरचा दिवा कधी विझला नाही त्यांनाच अंधाराचं कौतुक.

शालिकरामचं तिकडं लक्षच नव्हतं. "वीज नाई कशी?" तो म्हणाला. "लाइन आहे तिथं. मीच ओढली."

"होती, बाबा. त्यांनी मुद्दाम काढून टाकली. त्यासाठीच तर लोक येतात."

शालिकरामनं ताट बाजूला सारलं. अर्ध्या भाकरीवर हात धुऊन उठलेला नवरा रुक्माबाईनं आजवर पाहिला नव्हता. तिनं फोटोत डोकावून पाहिलं आणि तिचाही चेहरा उतरला.

गोष्ट नीट कळायची तर सव्वीस वर्षं मागं जावं लागेल. हिरडीटोला म्हणजे तेव्हा नऊ घरं. डांबरी सडक सोडून दोन किलोमीटर आत, रानात. तिथला उमराव लंजे, फोटोतल्या सुशीलाबाईचा नवरा, शालिकरामच्या हाताखाली हेल्पर होता. दोघांची जोडी अशी, की साहेब हजेरी घेताना एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याची लावून मोकळे होत. उमरावचं एकच रडगाणं होतं. साऱ्या तालुक्यात दिवे लावत फिरतो आणि माझ्या घरी रॉकेलची चिमणी. शालिकरामनं ऑफिसात अर्जावर अर्ज केले, पायऱ्या झिजवल्या, शेवटी लाइन मंजूर झाली. सडकेपासून टोल्यापर्यंत एकतीस खांब. दोघांनी मजूर घेऊन, बैलबंडीवर खांब लादून, चिखल तुडवत ते उभे केले. प्रत्येक खांबावर शालिकरामनं स्वतःच्या हातानं नंबर रंगवला.

लाइन सुरू झाली, घरोघरची कनेक्शनं अजून द्यायची होती, आणि आठव्या दिवशी झाडाची फांदी पडून अठ्ठावीस नंबरच्या खांबावरची, तार पेलणारी चिनीमातीची चिमणी फुटली. दुरुस्तीला लाइन बंद करायची तर सडकेच्या वळणावर एक मोठा स्विच होता. त्याचा लोखंडी दांडा खाली ओढला की टोल्याकडची तार मेली, वर लोटला की जिती. बंद करायचा कागदी परवाना अर्जुनीहून आणायचा असं नियम सांगत होता. पण तेव्हा मोबाइल नव्हते, परवान्यापायी दिवस जायचा, म्हणून या दोघांनी आपला कायदा केला होता. जो खांबावर चढणार त्यानं आपल्या खांद्यावरचा दुपट्टा दांड्याला बांधायचा. ज्याचा दुपट्टा त्यानंच सोडायचा. दुपट्टा दिसतो तोवर दांड्याला हात लावायचा नाही, साहेब आला तरी नाही. दुपट्टा नाही म्हणजे माणूस खाली उतरला. सात वर्षं या कायद्यानं दोघांना खरचटलंही नव्हतं.

त्या दिवशी उमरावनं दांडा ओढला, दुपट्टा बांधला आणि तो टोल्याकडं गेला. शालिकराम दुसऱ्या कामाला केशोरीत जाऊन दुपारी परतला. आभाळ भरून आलं होतं. दांडा उघडा होता, त्याला दुपट्टा नव्हता. काम आटोपून, दुपट्टा सोडून, लाइन सुरू करायचं आपल्यावर टाकून गडी पायवाटेनं घरी जेवायला गेला असेल असं त्यानं धरलं आणि दांडा वर लोटला. उमराव तेव्हा अठ्ठावीस नंबरवर होता.

चौकशीत शालिकरामनं खरं तेच सांगितलं, की दुपट्टा नव्हता. मग कागदावर आलं, की मृतानं खूण स्वतःच काढली आणि तो पुन्हा वर चढला, म्हणजे चूक त्याचीच. शालिकरामला कोणी दोष दिला नाही. पण उमराव असं करणार नाही हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? मग दुपट्टा गेला कुठं? की होता, आणि आपल्यालाच दिसला नाही? आपण नीट पाहिलं होतं का? हा किडा जो डोक्यात शिरला तो निघालाच नाही. जेवताना, खांबावर चढताना, पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना, त्याला तो उघडा दांडा दिसायचा आणि दिसला तो खरंच उघडा होता का, हे काही केल्या ठरायचं नाही.

हिरडीटोल्याकडं त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्या भागातली ड्यूटी आली की दुसऱ्याशी बदलून घ्यायचा. फक्त दर पावसाळ्यात तिकडच्या लाइनमनला विचारायचा, टोल्याची लाइन सुरू आहे ना? सुरू आहे म्हटलं की त्याला रात्री झोप लागायची. उमराव गेला पण त्याच्या टोल्यावर दिवा जळतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं तग धरला होता. शेवटची तीन वर्षं गुडघ्यामुळं त्याला गोदामात बसवलं आणि ती विचारपूसही सुटली.

आणि आता लेक सांगत होती, की लाइन काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण होताच त्यानं मोटारसायकल काढली. जागा पाहून येतो म्हणाला. स्नेहल म्हणाली, एवढ्यासाठी कशाला जाता, फोटो आहेत ना? फोटोतच तर सारं दुखणं होतं. रुक्माबाई फाटकापर्यंत आली.

"जाऊन राहिले तर जा," ती हळू आवाजात म्हणाली. "पन तिच्यापुढं जुनं काढू नका. दुखते बाईमानसाले."

केशोरीपर्यंत दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आला होता. एरवी शालिकराम गाडी हळू करून कोणाचं पीक कसं ते पाहत गेला असता. आज तो मनात भांडण जुळवत चालला होता. कोण हा लॉजवाला? म्हातारीला काय समजतं, कुठल्या कागदावर अंगठा घेतला असेल, आणि तिच्या नवऱ्याच्या जिवावर उभी राहिलेली लाइन उपटून फेकली असेल. वर तिच्याच हाती कंदील देऊन फोटो काढला. असल्या माणसाला दोन गोष्टी सुनवायच्या, आणि मग वीज खात्यातल्या ओळखीच्या साहेबांकडं जायचं, असं त्यानं पक्कं केलं.

वळणावर तो थांबला. स्विच गेला होता, दांडा गेला होता. खांबाला त्याची गंजकी पट्टी तेवढी राहिली होती. तिथून खांबांची ओळ रानात शिरत होती आणि वर एकही तार नव्हती. त्यानं आयुष्यात हजारो खांब पाहिले होते, वीज गेलेले पाहिले, वाकलेले पाहिले, पण आपणच उभे केलेले खांब असे उघडेबोडके कधी पाहिले नव्हते. कच्च्या रस्त्यानं जाताना तो नंबर वाचत गेला. रंग उडाला होता पण आकडे लागत होते. एकवीस. पंचवीस. सत्तावीस.

अठ्ठावीस नंबरला जाळीचा झुला बांधला होता. दुसरं टोक शेजारच्या मोहाच्या झाडाला. त्यात एक शहरी मुलगी पाय लांब करून पुस्तक वाचत पडली होती. तिनं मान वर करून शालिकरामला नमस्कार केला. यानं हात जोडले आणि गाडी पुढं काढली. त्या बिचारीचा काय दोष? झुला बांधायला खांब मजबूत आहे की नाही एवढंच लोक पाहतात.

लॉजचा मॅनेजर लोकेश नावाचा तिशीतला माणूस निघाला, नागपूरचा. बोलायला गोड. काकांना आधी त्यानं बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, मुलगी पाहुणे घेऊन येणार म्हटल्यावर झोपड्या फिरवून दाखवल्या. शालिकरामचं पाहण्यात मन नव्हतं. लाइन कोणी काढली, एवढंच त्यानं विचारलं. लोकेशनं सरळ सांगितलं. हत्ती आले त्या वर्षी टोल्यावरच्या लोकांनी हाय खाल्ली. धान तुडवला, दोन घरं पाडली. एकेक करून सगळे सडकेवर राहायला गेले आणि जागा विकल्या. मालकानं घेतल्या. लाइन बंद करायला सगळ्यांच्या सह्या लागत होत्या.

"म्हातारीची सही फसवून घेतली असन तुमी," शालिकराम म्हणाला.

लोकेशला राग आला नाही. तो उलट हसला. आजीची सही पहिली होती, म्हणाला. मालक तर थोडे दिवे ठेवू म्हणत होते, सोलर लावू म्हणत होते. आजीनंच अट घातली, की तार जाईल तर मी इथं राहीन आणि काम करीन, नाहीतर मीही जाते. आणि काका, तिच्या घरात तसंही कनेक्शन नव्हतंच.

"नव्हतं म्हंजे?"

"कधीच नव्हतं. आठ घरांत होतं, तिच्या नाही."

शालिकरामला वाटलं कोणी फाडकन तोंडात मारली. सव्वीस वर्षं तो रात्री डोळे मिटताना जो दिवा पाहायचा, तो उमरावच्या घरातला होता. माजघरातला, छपराला टांगलेला पिवळा बल्ब. त्याच्या उजेडात सुशीलाबाई पोरीला, पुष्पांजलीला, जेवायला वाढते आहे असं ते चित्र. तो बल्ब लागलाच नव्हता. एक दिवससुद्धा नाही. भांडायला म्हणून आणलेले शब्द तसेच ठेवून तो सुशीलाबाईला शोधायला निघाला.

सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या मागं पडवीत बसली होती. पुढ्यात वीसेक कंदील मांडलेले, राखेनं काचा घासत होती. तिनं मान वर केली आणि घासणारा हात थांबला.

"शालिकभाऊ," ती म्हणाली. "म्हातारे झाले तुमी."

तिनं पाट सरकवला. पोरगी देवरीला दिली, दोन नातू आहेत, असं सांगितलं. रुक्माबाईचं विचारलं. शालिकरामनं हो, बरं, ठीक अशी उत्तरं दिली. रुक्माबाईनं काय बजावलं होतं ते त्याच्या ध्यानात होतं, अगदी पक्कं ध्यानात होतं. पण माणसाच्या तोंडाला कुलूप कुठं असतं?

"वयनी, तार काऊन काढू देली तुमी? उमरावचा जीव गेला त्या तारेपायी. टोल्यावर उजेड यावा म्हून मेला तो."

सुशीलाबाईनं काच खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"माह्यापायी मेला तो," ती म्हणाली. "तारेपायी नाई."

शालिकरामला काही समजलं नाही.

"मी त्या दिवशी केशोरीहून बाजार करून येऊन राहिली होती. पायी. वळनावर आली तर दांड्याले त्याचा दुपट्टा. नवा होता, महाशिवरात्रीच्या यात्रेत मिनंच घेऊन देला होता. आभाळ भरून आलं होतं. मले वाटलं विसरला, भिजन आता. मिनं सोडला आन् डोक्शावर घेतला."

ती सांगताना शालिकरामकडं पाहत नव्हती. तिचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही, जशी बाजाराची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. उमराव आणि शालिकराम दुपट्टा कशासाठी बांधतात हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. घरच्या बाईला लाइनीच्या गोष्टी कोण सांगतो? ती पायवाटेनं अठ्ठावीस नंबरपर्यंत आली. उमराव वर होता. तिनं खालून हाक मारली, की जेवायला येता का.

"त्यानं खाली पाहिलं. पह्यले मले पाहिलं, मंग माह्या डोक्शावरचा दुपट्टा पाहिला. तोंड उघडलं त्यानं. काईतरी म्हनत होता. उतराले पाय खाली टाकला आन्..."

पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. तिनं एक कंदील उचलला, वात पाहिली, पुन्हा ठेवला.

"मिनंच मारला त्याले. लोकं म्हनले त्याची चुकी. कागदावरबी त्याचीच चुकी. मी आयकत राहिली. पोरीलेबी नाई सांगितलं. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या आठ घरात बल्ब लागे आन् मी दार लावून घेऊन बसे. तार गेली त्या दिवशी मले पह्यल्यांदा झोप लागली."

दुपट्टा नव्हता. खरंच नव्हता. शालिकरामनं पाहिलं होतं ते बरोबर होतं, त्याचे डोळे धड होते, त्याचा हात चुकला नव्हता. सव्वीस वर्षांचा किडा एका क्षणात डोक्यातून निघून गेला आणि अंग असं हलकं झालं, की त्याला हसू येईल अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर आलंही असतं. मग त्याचं लक्ष सुशीलाबाईच्या हातांकडं गेलं. राखेनं पांढरे पडलेले, मांडीवर उताणे पडलेले हात. त्याच्या डोक्यातून निघालेलं सगळं तिथं होतं, आधीपासून होतं, दुप्पट होतं. त्याला तरी शंका होती, आज असं वाटे, उद्या तसं. हिला कधी शंकासुद्धा आली नव्हती. आपल्या हलकेपणाची त्याला इतकी शरम वाटली, की कानशिलं तापली.

समजावून काय होणार होतं? तुम्हाला माहीत नव्हतं वहिनी, तुमचा दोष नाही, हे त्यानं म्हटलं असतं, आणि ते खरंही होतं. पण असलं खरं किती लोकांनी त्याला स्वतःला सांगितलं होतं, आणि त्यातलं रतीभर तरी अंगाला लागलं होतं का? लोक पाठीवरून हात फिरवून जातात. ओझं आपल्याच पाठीवर राहतं.

"वयनी," तो म्हणाला, "मिनं दांड्याकडं पाहिलंच नाई."

तिनं मान वर केली.

"घाई होती मले. पानी येऊन राहिलं होतं. गाडीवरून उतरलो आन् दांडा मारला. दुपट्टा आहे का नाई, काईच पाहिलं नाई. मंग साहेबापुढं सांगितलं का दुपट्टा नव्हता. नोकरी जाईन म्हून सांगितलं. तो नव्हता हे मले आत्ता तुमच्या तोंडून समजून राहिलं."

"पाहिलंच नाई तुमी?"

"नाई. तुमी सोडला नसता तरी मी मारलाच असता."

लाइनमनचा खोटेपणा लाइनमनच पकडू शकतो. दांड्याला हात घालण्याआधी लाइनमनची नजर आपोआप तिथं जाते, ती सवय हाडात मुरलेली असते. पण हे सुशीलाबाईला कुठून ठाऊक असणार? शालिकरामनं तिच्या डोळ्यांत पाहत सांगितलं आणि पापणीही हलू दिली नाही. आयुष्यात तो इतकं सफाईनं कधी खोटं बोलला नव्हता.

सुशीलाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. आधी तिला समजलंच नाही. मग हळूहळू समजत गेलं, आणि समजत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला. हात मांडीवरून उठले, गुडघ्यांवर टेकले, आणि ती उभी राहिली. बसलेली होती तेव्हा पोक आलेली म्हातारी वाटत होती. उभी राहिली तर पाठ सरळ.

"सव्वीस वर्सं," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं मी आरशात तोंड नाई पाहिलं, शालिकभाऊ. आन् तुमी तिकडं घरी बसून होते."

शालिकराम खाली पाहत राहिला.

"येक डाव येऊन सांगता नाई आलं तुमाले?"

"नाई आलं."

"माह्या मानसाच्या नावावर चुकी लिहून देली तुमी."

त्यानं मान हलवली. तिनं त्याला शिवी दिली असती, हातातला कंदील फेकून मारला असता, तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं काहीच केलं नाही. तिच्या डोळ्यांत त्याच्यासाठी जे आलं ते त्यानं नीट पाहून घेतलं, कारण ते त्यानंच मागून घेतलं होतं.

"जा तुमी," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नका इकडं."

तो उठला, गाडीपाशी आला. दिवस कलायला लागला होता. लोकेश विचारत आला, काका पसंत पडलं का, चहा तरी घ्या. शालिकरामनं मान डोलावली आणि चहा नको म्हणाला. गाडी वळवताना त्यानं मागं पाहिलं. सुशीलाबाई कंदील पेटवून एकेक झोपडीपुढं ठेवत चालली होती. ताठ चालत होती. झुल्यातली मुलगी उतरून तिच्या मदतीला गेली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. अठ्ठावीस नंबरच्या खांबापाशी ती थांबली, वर टोकापर्यंत पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला. शालिकराम तिथं आहे हे ती विसरून गेली होती. सव्वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ती नवऱ्यासाठी नुसती रडत होती.

केशोरी आली तशी खिशातल्या मोबाइलला जाग आली. स्नेहलचे पाच फोन येऊन गेले होते. त्यानं चौकात गाडी लावली आणि तिला फोन केला.

"काय बाबा, कुठं होतात? अहो, पैसे भरायचे आहेत. धरणाजवळचंच करून टाकू का?"

"नाई. हिरडीटोल्याचंच कर."

"खरंच चांगलं आहे?"

"चांगलं आहे. साप-विंचवाचं पाहून राहा म्हना. आन् ती बाई आहे ना कंदिलवाली, तिच्याशी इज्जतीनं बोलजा. मावशी म्हनजा."

"मग त्यांना सांगते ना, मी शहारे लाइनमनची मुलगी म्हणून. तुम्ही ओळखता ना त्यांना? खूश होतील."

"बुकिंग अश्विनच्या नावानं कर," तो म्हणाला. "माहेरचं नाव सांगू नको तिथं. कोनाचीच पोरगी आहो म्हनू नको."

"काऊन, बाबा?" पुण्याची भाषा विसरून स्नेहलनं विचारलं.

रेंज जाऊन राहिली, असं सांगून त्यानं फोन बंद केला आणि खिशात ठेवला. चौकातल्या दुकानांचे दिवे एकामागून एक लागत होते. पानठेल्यावरच्या ओळखीच्या माणसानं लाइनमनभाऊ म्हणून हाक मारली. शालिकरामनं हात वर केला आणि तो गाडीला किक न मारता तसाच बसून राहिला.